तनूचं घड्याळ

विष्णुराव आठल्यांच्या बर्मिंगहॅमच्या घरी टीव्हीच्या वर भिंतीला तीन घड्याळं आहेत. मधलं इथलं. डावीकडचं पुण्याचं. ते लावलं तेव्हा पुण्याला आईवडील होते, आता एक मावसबहीण तेवढी उरली आहे, पण घड्याळ आपलं चालू आहे. आणि उजवीकडचं तनूचं. तनू ही त्यांची नात, त्यांची लेक वरदा हिची मुलगी. हॉकीची स्कॉलरशिप मिळवून ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात शिकायला गेली, आणि ती गेली त्याच आठवड्यात विष्णुरावांनी हे घड्याळ आणून पाच तास मागे लावलं. खाली चिकटपट्टी लावून त्यावर ‘तनू’ असं लिहिलंसुद्धा.

या घड्याळांना विष्णुरावांखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा घरचा दंडक. गृहस्थ भूलतज्ज्ञ. उभा जन्म इथल्या हॉस्पिटलात लोकांना वेळेवर झोपवण्यात आणि वेळेवर उठवण्यात गेला. तेव्हा वेळेच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं. रेखाताई काही शिकवायला जात नसत. नवऱ्याला शिकवण्यापेक्षा एखादं नवीन मशीन शिकणं सोपं, हे त्यांना फार पूर्वीच कळलं होतं.

आता या गोष्टीत मशीनही आहे, तर त्याचंही सांगून टाकतो.

तनू कॉलेजात गेली तेव्हा विष्णुरावांनी केबलवाल्यांकडून अमेरिकन कॉलेजांचे सामने दाखवणारं एक चॅनल घेतलं. टीव्हीखालच्या डब्यात ते मोठ्या दिमाखात सुरू झालं. कॉलेजांचे सामने म्हणजे नात दिसणार, असा साधा हिशोब. पण चॅनलला हॉकीशी, त्यातून मुलींच्या हॉकीशी, देणंघेणंच नव्हतं. तिथे दिसायची ती डोक्यावर हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी दांडगी मुलं, नाहीतर छताला डोकं लागेल इतकी उंच बास्केटबॉलची मुलं. तेही सगळं बड्या विद्यापीठांचं. तनूच्या कॉलेजचं नाव पडद्याच्या तळाशी कधीतरी सरकत जायचं, आणि तेवढ्यावर विष्णुराव खूश असायचे. “रेखा, आलं बघ, आलं!” रेखाताई हात पुसत बाहेर येईपर्यंत नाव गेलेलं असायचं. दुधाची तहान ताकावर, ती अशी दोन वर्षं भागवली.

मग एक दिवस ते चॅनलच बंद झालं. यापुढे सगळे सामने स्ट्रीमिंगवर, असं पडद्यावर लिहून आलं. विष्णुराव भडकले. “स्ट्रीमिंग म्हणजे काय? उद्या इंटरनेट गेलं तर? डबा कधी बंद पडला होता का?” डबा दर महिन्याला बंद पडायचा आणि रेखाताई त्याची वायर काढून परत घालायच्या, पण ते जाऊ द्या.

रेखाताई गेल्या इल्फर्डला आपल्या मैत्रिणीकडे, शैलाकडे. शैला सगळी मराठी नाटकं टॅब्लेटवर बघायची. तिच्याकडून दोन दिवसांत शिकून आल्या, घरी येऊन टॅब्लेट टीव्हीला जोडला, तनूच्या कॉलेजचं नाव घातलं, आणि बघतात तो काय! त्या एवढ्याशा कॉलेजचा प्रत्येक खेळ तिथे होता. पोहणं होतं, तलवारबाजी होती, आणि मुलींची हॉकीसुद्धा. कॅमेरा एकच, तो चालवणार विद्यार्थी, कॉमेंट्री करणारेही विद्यार्थीच, आणि माइकमध्ये वाऱ्याची घरघर. पण गोलमध्ये, पायाला उशीएवढाली पॅड बांधून, त्यांची तनू उभी होती. पूर्ण सामनाभर दिसत होती. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं झालं. विष्णुरावांनी त्या दिवशी चहा स्वतः करून आणला, आणि त्यांच्या घरात त्याचा अर्थ आभार असा होतो.

तरी डबा काही त्यांनी टाकू दिला नाही. तो टीव्हीखाली लाल दिवा लावून बसलेलाच होता.

तर, तनूचं हे शेवटचं वर्ष. तिकडे एक पद्धत आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलींचा घरच्या मैदानावरचा जो अखेरचा सामना, त्याच्या आधी त्यांचा सत्कार करतात. एकेकीचं नाव पुकारतात, आणि ती आपल्या घरच्यांच्या हातात हात घालून मैदानावर चालत येते. तनूने दोन वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं, “एका साइडला आई, दुसऱ्या साइडला आजोबा. नो एक्स्क्यूजेस.” विमानाची तिकिटं काढली होती. विष्णुरावांनी नवा निळा टाय घेतला होता. आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन झकास झालं, पण ख्रिसमसपर्यंत विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. आयुष्यभर पेशंटना असलं निक्षून सांगणाऱ्या माणसाला ते ऐकावं लागलं.

तनूला त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं. “बाळ, मी इथून बघेन. लाइव्ह. तुझं नाव पुकारलं ना, की मी इथे उभा राहीन. टाय लावून. तू तिथे चाल, मी इथे उभा.”

“प्रॉमिस, आजोबा?”

“प्रॉमिस.”

या प्रॉमिसचं वजन कळायला मागचं थोडं ठाऊक हवं. तनूचे आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले. वरदाची मँचेस्टरच्या हॉस्पिटलात शिफ्टची नोकरी, म्हणून तनू बर्मिंगहॅमला आजीआजोबांकडे वाढली. दर शनिवारी सकाळी रेखाताई तिला मैदानावर सोडायच्या. विष्णुरावांचं शनिवारीही ऑपरेशन थिएटरमध्ये काम असायचं. ते आटोपून ते धावतपळत यायचे, बहुतेक वेळा हाफटाइमपर्यंतच पोचायचे, आणि थेट तनूच्या गोलच्या मागे जाऊन उभे राहायचे. बाकीच्या मुलांचे आईबाप दुसऱ्या टोकाला, जिकडे गोल होतात तिकडे गर्दी करायचे. गोलकीपरच्या मागे हा एकटाच माणूस, डोक्याला तपकिरी लोकरी टोपी, हातात थर्मास. ऑपरेशननंतर विमानाला मुकलेल्या विष्णुरावांनी ती टोपी तेवढी वरदाच्या बॅगेत घातली होती. “माझ्याऐवजी ही घेऊन जा,” म्हणाले.

आता घड्याळांकडे येऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं एक तास मागे जातात. विष्णुराव स्टुलावर चढले, रेखाताईंनी स्टूल धरलं. मधलं घड्याळ तास मागे घेतलं. पुण्याच्याला हात लावला नाही, कारण भारत घड्याळांशी असले खेळ करत नाही. मग उजवीकडे वळले. अमेरिकाही घड्याळं मागे घेते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याच झटक्यात त्यांनी तनूचं घड्याळही तास मागे घेतलं आणि समाधानाने खाली उतरले.

घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. अमेरिका घड्याळं मागे घेते खरी, पण एक आठवडा उशिरा. त्या मधल्या आठवड्यात तिकडचं अंतर पाच तासांचं नसतं, चारच तासांचं असतं. हे विष्णुरावांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मागे एकदा याच आठवड्यात त्यांनी तनूला ती खोलीवर परतली असेल म्हणून फोन लावला होता, आणि तो भर वर्गात खणखणला होता. तनूने हसत हसत सगळा घोटाळा समजावून सांगितला. विष्णुराव “हो का, हो का” म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि तनूचा सत्कार त्याच आठवड्यातल्या शनिवारी होता.

शनिवारी दुपारपासून विष्णुराव तयार. निळा टाय, कोट, पायात मोजे-बूट. रेखाताईंनी दिवाळीचा उरलेला चिवडा बशीत काढून ठेवला. सत्कार कॉलेजच्या वेळेने पाऊण वाजता, सामना एकला. तनूच्या घड्याळात अजून बारासुद्धा वाजले नव्हते. रेखाताई वर कपडे बदलत होत्या, तेव्हा टेबलावरचा टॅब्लेट टुंग करून वाजला. पडद्यावर आलं, ‘आता लाइव्ह’. विष्णुरावांनी चष्म्यातून पाहिलं, वर घड्याळाकडे पाहिलं, आणि टॅब्लेटचा आवाज बंद केला.

“काय वाजलं हो?” रेखाताईंनी जिन्यावरून विचारलं.

“काही नाही. जाहिरात असणार. तुझं हे स्ट्रीमिंग उतावळं आहे.”

ठरल्या वेळेच्या थोडं आधी, म्हणजे तनूच्या घड्याळातल्या वेळेच्या, रेखाताईंनी टीव्ही लावला. मैदान दिसलं. मुली कडेला घोळक्याने पाणी पीत होत्या. लाल-पांढरे फुगे कुंपणाला बांधलेले होते.

“वॉर्म-अप चाललाय,” विष्णुराव खुर्चीच्या कडेला सरकून म्हणाले. “आता नावं पुकारतील.”

“अहो, पण कोपऱ्यात स्कोअर आहे.”

“कुठे?”

“तो काय. झीरो-वन. आणि खाली हाफटाइम लिहिलंय.”

मग विष्णुराव उठले आणि भिंतीपाशी गेले. पडद्याकडे पाठ करून ते त्या तीन घड्याळांकडे बघत राहिले, बोटांवर मोजत, ओठ हलवत. एकदा मधल्याकडे, एकदा उजवीकडच्याकडे. तेवढ्यात मागून रेखाताई म्हणाल्या, “अहो, इकडे बघा, तनू गोलकडे चाललीय. ती हात करतेय!”

“करत असेल कुणाला तरी,” विष्णुराव वळलेसुद्धा नाहीत. “रेखा, गाढव आहे मी. शुद्ध गाढव. चार तास. या आठवड्यात चारच तास असतात. तिने मला सांगितलं होतं.”

ते खुर्चीत येऊन बसले तेव्हा खेळ सुरू झाला होता. त्यांनी टायची गाठ सैल केली. रागावलेला नवरा रेखाताईंनी खूप पाहिला होता, पण असा विझलेला नाही.

“तिने प्रॉमिस घेतलं होतं माझ्याकडून,” विष्णुराव म्हणाले. “नाव पुकारलं तेव्हा मी काय करत होतो? तो टॅब्लेट गप्प करत होतो. ती फोन करेल, विचारेल, उभे राहिलात का म्हणून. काय सांगू?”

“उभा राहिलो म्हणून सांगा.”

“खोटं?”

“खोटं कशाला? अहो, हा तुमचा डबा नाही. यात गेलेलं परत येतं. मागे नेता येतं, अगदी पहिल्यापासून.”

विष्णुरावांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिनेच हे सगळं शोधून काढलंय. “मग ने ना!”

“आत्ता नाही. आत्ता पोरगी खेळतेय, ते बघा. सत्कार कुठे पळून जात नाही.”

रेखाताईंचं म्हणणं असं क्वचितच टाळता येतं. दोघांनी राहिलेला खेळ पाहिला. तनूने दोन असे गोल अडवले, की कॉमेंट्री करणारा पोरगा माइकमध्ये किंचाळलाच. बरोबरी झाली, मग शेवटाकडे तनूच्या संघाने आणखी एक गोल केला आणि जिंकलेही. विष्णुरावांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. सामना संपल्या संपल्या ते म्हणाले, “आता ने.”

रेखाताईंनी पडद्याच्या तळाची रेघ बोटाने मागे ओढली. मुली उलट्या पळाल्या, गोलातून चेंडू बाहेर आले, पाणी बाटल्यांत परत गेलं, आणि मैदान मोकळं झालं. फुगे तेवढे होते. विष्णुरावांनी टायची गाठ घट्ट केली.

एकेक नाव पुकारलं जात होतं. मग तनूचं पुकारलं. विष्णुराव उभे राहिले. छातीच्या टाक्यांवर एक हात ठेवून, ताठ. एका बाजूला वरदा होती, डोळे पुसत, हसत. तनूचा दुसरा हात मोकळा असायला हवा होता. पण त्या हातात तिने ती तपकिरी टोपी धरली होती, एखाद्याचा हात धरावा तशी, खाली, बाजूला, चालताना जरा झुलवत.

निवेदक तिने लिहून दिलेलं वाचत होता. तनू आभार मानते आपल्या आईचे, जी नाइट शिफ्ट करूनही ट्रेन पकडून सामन्याला यायची. आजीचे, जिने तिचे घाण पॅड कधी तक्रार न करता धुतले. “आणि आजोबांचे,” निवेदक वाचत होता. “गोलकीपरच्या मागे कुणीही उभं राहत नाही. ते राहिले. आणि मी किती गोल खाल्ले, हे त्यांनी घरी कधीही सांगितलं नाही.”

“म्हणजे?” रेखाताई एकदम म्हणाल्या. “तुम्ही तर मला दर वेळी म्हणायचात, छान खेळली!”

“छानच खेळायची,” विष्णुराव म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. तनू मैदानाच्या मध्यापर्यंत पोचून, फुलं घेऊन, फोटो काढून बाजूला होईपर्यंत ते उभेच राहिले. मग हळूच खुर्चीत टेकले. “रेखा,” ते म्हणाले, “कुठल्या कुठल्या पोरांनी तिथे थंडीत उभं राहून हे आपल्याला दाखवलं बघ. आपण त्यांना ओळखतही नाही. देव त्यांचं भलं करो.” आणि थोड्या वेळाने, “तुझंही.”

रेखाताईंनी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

मग तनूचा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, गाल लालबुंद, डोक्यावर ती टोपी.

“आजोबा! टाय मस्त आहे! उभे राहिला ना?”

विष्णुरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं. “राहिलो बाळ. पण खरं सांगतो, तेव्हा नाही. आत्ता राहिलो, दहा मिनिटांपूर्वी. घड्याळाचा घोळ केला मी. लाइव्ह काही बघायला मिळालं नाही मला. सॉरी.”

तनू इतकी हसली, की फोन हलला. “आय न्यू इट! मला माहीत होता तुम्ही लेट येणार! सकाळी चेंजिंग रूममध्ये अचानक क्लिक झाला, की ओह नो, हा तो वीक आहे, आजोबांचा घड्याळ चुकणार. पण फोन्स सगळे कोचकडे. मेसेज करू शकत नव्हती. मग मी कॅलक्युलेट केला. सेरेमनीसाठी तुम्ही टीव्ही लावणार, वन अवर लेट, म्हणजे बरोबर हाफटाइम. लाइक ऑलवेज.”

“लाइक ऑलवेज?”

“आजोबा, तुम्ही नेहमी हाफटाइमलाच यायचात! म्हणून मी वेव्ह केली ना. कॅमेऱ्यावर माझी रूममेट आहे, तिला सांगितला, सेकंड हाफला मी गोलमध्ये जाणार तेव्हा माझ्यावर झूम कर, माझे आजोबा आता पोचतायत. तुम्ही बघितला ना? आजोबा?”

विष्णुरावांनी फोन बायकोपुढे धरला. रेखाताईंनी तो घेतला. “मी बघितलं गं. आजोबा पण बघतायत. थांब जरा.”

त्यांनी पडद्याची रेघ पुन्हा ओढली. मैदान, फुगे, कडेला पाणी पिणाऱ्या मुली. त्यांच्यातून जाडजूड पॅड घातलेली एक मुलगी निघाली, गोलपाशी आली, आणि चित्र एकदम जवळ आलं. तिने हेल्मेट डोक्यावर सरकवलं. सरळ या खोलीत बघितलं. भल्यामोठ्या हातमोज्याने दुसऱ्या मनगटावर दोनदा टकटक केलं, लहानपणी उशिरा येणाऱ्या आजोबांना करायची तसं, आणि मग हात उंच करून हलवला.

विष्णुराव उठून उभे राहिले, आणि त्यांनीही हात वर केला.

“आलो गं बाळ,” ते म्हणाले. “आलो.”